कानाचं मशीन खरंच बदललंय का, की नुसतं छोटं झालंय?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या वडिलांनी २००१ साली कानामागचं मशीन घेतलं, चार महिने लावलं, "नुसता गोंगाट ऐकू येतो, माणसं काय बोलतात ते कळतच नाही" म्हणून काढून ड्रॉवरमध्ये टाकलं, ते आजपर्यंत तिथेच आहे. आता घरातले म्हणतायत नवीन घ्या, टेक्नॉलॉजी खूप पुढे गेलीय, आणि वडील म्हणतायत सगळं मार्केटिंग आहे, आवाज मोठा करणारा डबा तो, त्यात काय बदलणार. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, बत्तीस वर्षं कानाची मशीनं बसवतेय, त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगते. आणि आधीच सांगून टाकते, वडील निम्मे बरोबर आहेत. मशीनचा इतिहास बघितला तर सुरुवातीची खूप वर्षं ते खरंच आवाज मोठा करणारा डबाच होतं, फक्त डबा लहान लहान होत गेला.

आधी एक गोष्ट कळली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं फुकट. वय झाल्यावर कान जातो तो रेडिओचा आवाज कमी केल्यासारखा जात नाही. जाड आवाज बऱ्यापैकी शाबूत राहतात, बारीक आवाज आधी जातात. भाषेत स्वर जाड असतात आणि जोरात असतात, त्यांच्यामुळे "कोणीतरी बोलतंय" हे कळतं. पण स, श, फ, त, थ, ख ही अक्षरं बारीक आणि हलकी, आणि शब्द वेगळा कळतो तो त्यांच्यावरून. सात आणि हात, ह्यातला फरक त्या एका सुळ्ळ आवाजाचा. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात ना, "ऐकू येतं रे, कळत नाही", ते अगदी शब्दशः खरं असतं, आणि घरचे त्याला हट्ट समजतात.

दुसरी भानगड अशी की हळू आवाज ऐकू येईनासा होतो पण मोठ्या आवाजाचा त्रास जिथे व्हायचा तिथेच होतो, कधी त्याच्याही आधी. म्हणजे हळू बोललं की "काय?" आणि जोरात बोललं की "ओरडतोस कशाला?" प्रत्येक घरातलं भांडण आहे हे. ऐकू येण्यापासून सहन न होण्यापर्यंतची जागाच आक्रसलेली असते, आणि सगळं जग त्या तेवढ्या जागेत कोंबायचं असतं. हे कोंबायचं काम मशीनला कधी जमायला लागलं, मला विचाराल तर खरा इतिहास तेवढाच आहे.

विजेच्या आधी कानाला लावायचे नरसाळ्यासारखे कर्णे होते. लंडनमध्ये फ्रेडरिक राइन १८०० सालापासून ते विकायचा, बहिरा होत गेलेला संगीतकार बेथोव्हेन, त्याच्यासाठी मेल्झेलने बनवलेले कर्णे प्रसिद्धच आहेत. आता हसायला येतं पण कर्णा फार वाईट वस्तू नव्हती, बोलणाऱ्याला तोंड जवळ आणायला लागायचं आणि समोरच्याला लगेच कळायचं की ह्यांना कमी ऐकू येतं, जरा नीट बोलावं. आजच्या न दिसणाऱ्या मशीनने हा दुसरा फायदा घालवला, असं मला कधी कधी वाटतं.

मग टेलिफोन आला, आणि इथून एक मजा सुरू होते की कानाच्या मशीनने जवळपास प्रत्येक उडी दुसऱ्याच्या खांद्यावर चढून मारलीय. टेलिफोनमध्ये कार्बनच्या कणांचा माइक होता, तोच उचलून मिलर रीस हचिसन ह्या अमेरिकन माणसाने १८९८ च्या सुमारास विजेवरचं मशीन केलं. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा त्याची गिऱ्हाईक होती. ह्याच हचिसनने पुढे मोटारीचा तो कर्कश क्लॅक्सन हॉर्न बनवला, तेव्हा लोक गंमतीने म्हणायचे की आधी कान फोडतो आणि मग मशीन विकतो. ते कार्बनचं मशीन खरखर करायचं आणि ज्याचा कान थोडा गेलाय त्यालाच उपयोगी पडायचं.

मग रेडिओचे व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या. १९२० च्या दशकात व्हॉल्व्हवर चालणारी मशीनं आली, आवाज दणदणीत वाढायला लागला, पण वजन किलोंमध्ये. पुढे छोटे व्हॉल्व्ह निघाल्यावर ती अंगावर घालता यायला लागली, तरी एक बॅटरी व्हॉल्व्ह तापवायला आणि दुसरी जास्त व्होल्टेजची असं दुहेरी लटांबर अंगावर बांधून फिरायचं.

१९४७ मध्ये बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर लागला, व्हॉल्व्हचंच काम करणारा चिमुकला तुकडा, आणि तो बाजारात सगळ्यात आधी कुठे गेला असेल? रेडिओत नाही, कानाच्या मशीनमध्ये. १९५२ च्या शेवटी सोनोटोन कंपनीचं मशीन आलं त्यात दोन व्हॉल्व्ह आणि एक ट्रान्झिस्टर होता, आणि १९५३ पासून पूर्ण ट्रान्झिस्टरची यायला लागली. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने आयुष्यभर बहिऱ्या मुलांसाठी काम केलं होतं म्हणून त्याच्या स्मरणार्थ बेल कंपनीने कानाच्या मशीनवाल्यांकडून पेटंटची रॉयल्टी घेतली नाही, हे मला नेहमी फार छान वाटतं. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर मात्र घामाने आणि अंगाच्या उबेने मरायचे. घाम हा तेव्हापासूनचा शत्रू आहे आणि अजूनही माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये घाम आणि कानातला मळ ह्या दोघांचाच नंबर वरचा.

तसंच १९६४ मध्ये. इंटिग्रेटेड सर्किट म्हणजे आजच्या चिपची पणजी, ती लोकांनी विकत घेतलेल्या वस्तूत पहिल्यांदा आली ती झेनिथ कंपनीच्या कानाच्या मशीनमध्ये. चष्म्याच्या काडीत बसवलेली मशीनं त्याच्या आधीच आली होती, मग कानामागची, मग कानात बसणारी. १९८३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन कानात मशीन घालून लोकांसमोर आले आणि मग कानातल्या मशीनची मागणी एकदम वाढली. १९७७ च्या सुमारास झिंक-एअर सेल आले, त्याने मोठा फरक पडला पण त्याचं कोणी कौतुक करत नाही. ह्या सेलला बारीक भोकं असतात, स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल चालू होतो. एक टीप देऊन ठेवते, स्टिकर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबा आणि मग दार बंद करा, लगेच बंद केलं की पूर्ण व्होल्टेज येत नाही आणि लोक म्हणतात सेल डुप्लिकेट आहे. आणि एकदा काढलेला स्टिकर परत लावून काही होत नाही, हे मी बत्तीस वर्षं सांगतेय.

मी ह्या कामात आले तेव्हा खिशातली मशीनं भरपूर होती. शर्टाच्या खिशात डबी, तिथून कानापर्यंत वायर. माइक खिशात, म्हणजे कापड घासलं की कानात भूकंप, आणि वायर तुटायची ती हमखास डबीच्या किंवा कानाच्या टोकाशी, आत तांब्याची तार तुटलेली आणि वरून वायर एकदम छान दिसतेय, मग ती बोटाने हलवून हलवून बघायची कुठे आवाज येतो-जातो. मशीनवर एम, टी, ओ अशी तीन अक्षरं आणि एक बटण. एम म्हणजे माइक, ओ म्हणजे बंद, आणि टी म्हणजे टेलिफोनची कॉइल, त्यावर ठेवलं की माइक बंद. "मशीन मेलं" म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं बटण टी वर सरकलेलं असायचं, मी ते बोटाने एम वर करायचे आणि ते माझ्याकडे जादूगार असल्यासारखं बघायचे.

आणि गंमत म्हणजे काही लोकांचं त्या खिशातल्या डबीवर मस्त चालायचं! ज्यांच्या पडद्याचा किंवा मधल्या कानातल्या हाडांचा प्रॉब्लेम होता, आतला शंख, म्हणजे आवाज मेंदूकडे पाठवणारा कानाचा सगळ्यात आतला भाग, चांगला होता, त्यांना आवाज फक्त मोठा करून पाहिजे होता. तेवढं ती डबी करायची. ज्यांची नस आणि शंखातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी गेल्यात, म्हणजे वडिलांच्या वयाचे बहुतेक सगळे, ते मात्र चिडायचे.

का चिडायचे ते बघा. तुमच्या वडिलांचं मशीन मी बघितलेलं नाही, पण कानामागे, २००१, आणि तक्रार ही, म्हणजे बहुधा अॅनालॉग लिनियर मशीन असणार. डिजिटल तोपर्यंत आलं होतं पण महाग होतं, बरीच जण साधं घ्यायची. लिनियर म्हणजे जो आवाज येईल त्यात ठरलेली भर. समजा भर ४० डेसिबलची. कोणी कुजबुजलं ३० डेसिबल, ते झालं ७०, छान. साधं बोलणं ६५, ते झालं १०५, आता डोकं दुखायला लागलं. स्टीलचं भांडं पडलं ९०, ते व्हायला पाहिजे १३०, तेवढा आवाज मशीनमधून निघणारच नाही, मग ते आवाजाचा वरचा भाग सरळ कापून टाकायचं, आणि कापलेला आवाज फाटका येतो. आता आक्रसलेली जागा आठवा. हळू आवाज आला तर बरं, नाहीतर बाकी सगळं कानफाटं. म्हणून माणूस काय करतो, मशीनचा आवाज कमी करतो, मग बोलणंही कमी. परत "कळत नाही".

आणि आम्ही ते सेट कसं करायचो? दीड-दोन मिलिमीटरच्या स्क्रूड्रायव्हरने. मशीनच्या पाठीला दोन-तीन बारीक ट्रिमर असायचे, एक टोनचा, एक जास्तीत जास्त आवाजाचा. ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, बघायचा, नियम असा की जेवढा लॉस साधारण त्याच्या निम्मी भर, हा निम्म्याचा नियम सॅम लायबार्गर नावाच्या माणसाने १९४४ मध्ये मांडला, आणि मग ट्रिमर केसभर फिरवून विचारायचं, "आता कसं वाटतंय?" माणूस म्हणणार "बरं वाटतंय", कारण समोर बसून वाईट सांगायला संकोच वाटतो. घरी गेल्यावर मशीन ड्रॉवरमध्ये. तुमच्या वडिलांचं असंच झालं असेल तर त्यात त्यांची चूक अजिबात नाही.

म्हणजे राणीच्या कार्बन मशीनपासून तुमच्या वडिलांच्या मशीनपर्यंत शंभर वर्षांत आकार हजारपट कमी झाला असेल, पण काम तेच, सगळ्याला सारखी भर. निम्मं बरोबर म्हणाले ते ह्यासाठी.

बदल दोन ठिकाणी झाला. पहिला कॉम्प्रेशनचा. हळू आवाजाला जास्त भर, मधल्याला थोडी, मोठ्याला जवळजवळ नाहीच. कुजबुज उचलायची, भांडं तसंच ठेवायचं. मीड किलियन ह्या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकाच्या शेवटी हे अॅनालॉग चिपवर करून दाखवलं होतं. पण खरं मोकळं रान मिळालं ते डिजिटल आल्यावर. डिजिटलची स्वप्नं जुनी आहेत, १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या विद्यापीठात हॅरी लेविट हे संशोधक मोठ्या कॉम्प्युटरवर हे करून बघत होते, १९८७ च्या सुमारास फिनिक्स नावाचं मशीन बाजारातही आलं पण त्याचा प्रोसेसर अंगावर वागवायचा आणि वायरने कानाला जोडायचा. लोक म्हणाले कशाला, खिशातलंच बरं. ते बुडालं. १९९६ मध्ये वायडेक्स आणि ओटिकॉन ह्या दोन डॅनिश कंपन्यांची पूर्ण डिजिटल, कानावर मावणारी मशीनं मिळायला लागली आणि मग मागे वळून बघणं नाही.

डिजिटल म्हणजे काय तर आवाज आत आला की त्याचे सेकंदाला हजारो वेळा आकडे करायचे, आकड्यांवर गणित करायचं, परत आवाज करायचा, आणि हे सगळं पाच-सात मिलिसेकंदांत, कारण उशीर जास्त झाला तर स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा दोनदा ऐकू येतो. गणित करता आलं की जाड-बारीक आवाजांचे वीसेक वाटे करून प्रत्येकाला वेगळी भर देता येते. स ला भरपूर, पंख्याच्या घरघरीला कमी. स्क्रूड्रायव्हर गेला, वायर गेली, कॉम्प्युटर आला.

पण मला विचाराल की पेशंटच्या आयुष्यात सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर मी शिट्टीचं नाव घेईन. मशीनची शिट्टी म्हणजे बाहेर पडलेला आवाज परत माइकमध्ये शिरून गोल गोल फिरतो ती. पूर्वी ती थांबवायला एकच उपाय, कानाचा साचा घट्ट बसवा. घट्ट साचा म्हणजे कान बंद, कान बंद म्हणजे स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा, चावताना कडाकडा आवाज. डिजिटल मशीन ती शिट्टी ओळखून तिच्या बरोबर उलटा आवाज सोडतं, दोघं एकमेकांना खातात. मग कान घट्ट बंद करायची गरजच राहिली नाही. २००३ च्या आसपास उघड्या कानाची मशीनं आली, कानामागे छोटा तुकडा, बारीक नळी किंवा तार, आणि आत भोकं असलेला मऊ रबराचा घुमट. जाड आवाज आपोआप उघड्या कानातून आत जातात, बारीक तेवढे मशीन देतं. वयोमानाच्या बहिरेपणाला नेमकं हेच पाहिजे होतं. पहिल्यांदा लावल्यावर माणूस चार शब्द बोलतो आणि थांबतो, "माझा आवाज माझ्यासारखाच येतोय", हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय.

गोंगाटाबद्दल जरा सावध सांगते, कारण जाहिरात सगळ्यात जास्त इथेच होते. एका मशीनवर दोन माइक असतात, एकमेकांपासून सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी अंतरावर. समोरून आलेला आवाज आधी पुढच्याला लागतो आणि एका सेंटिमीटरला सेकंदाच्या तीस दशलक्षांशाइतका उशीर होऊन मागच्याला, तेवढ्या उशिरावरून मशीन दिशा ओळखतं आणि मागचा आवाज दाबतं. ह्याचा उपयोग खरा आहे, ज्याच्याशी बोलताय त्याच्याकडे तोंड करून बसलात तर. नॉइज रिडक्शन म्हणून जे वर्षानुवर्षं विकलं गेलं त्याने मात्र डोकं कमी शिणतं, शब्द जास्त कळतात असं नाही. पंखा, एसी, गाडी ह्यांचा सततचा आवाज कमी होतो, पण बाजूच्या टेबलावरच्या बडबडीचं काय करणार, ती पण भाषाच आहे. गेल्या चार-पाच वर्षांत एआयवर शिकवलेली मशीनं आलीत, २०२१ मध्ये पहिली गाजलेली, २०२४ मध्ये तर फक्त ह्याच कामासाठी वेगळी चिप असलेलं मशीन आलं, ती बोलणं आणि बाकीचा आवाज खरोखर सुटा करतात. मी साशंक होते, लावून बघितल्यावर थोडी कमी साशंक आहे. सेल मात्र भराभर खातं.

बाकी ब्लूटूथ. २०१४ पासून फोन थेट मशीनमध्ये यायला लागला, २०१६ च्या सुमारास लिथियमची चार्ज होणारी मशीनं रुळली. बोटं थरथरतात त्यांच्यासाठी चार्जिंग म्हणजे वरदान, तो एवढासा सेल जमिनीवर पडला की शोधत बसायचं संपलं. अमेरिकेत २०२२ पासून थोड्या ते मध्यम बहिरेपणासाठी मशीन डॉक्टरशिवाय घेता येतं आणि २०२४ मध्ये ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ ह्या इअरफोनना पण तशी परवानगी मिळाली. मला त्याचा राग नाही, माणूस काहीतरी कानाला लावतोय हे महत्त्वाचं. पण एका कानाने दुसऱ्यापेक्षा बरंच कमी ऐकू येत असेल, अचानक गेला असेल, पाणी येत असेल, चक्कर असेल तर आधी कानाचा डॉक्टर, मशीन नंतर.

आता न बदललेलं. शंखातल्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत, आणि ज्या पट्ट्यात पेशीच उरल्या नाहीत तिथे कितीही महाग मशीन कितीही आवाज ढकलो, फाटकाच येणार. फारच गेलं असेल तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून शंखात बसवायचं यंत्र, तो वेगळा विषय. अंतर पण तेच, दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक २०२४ च्या मशीनलाही नीट मिळत नाही. आणि मेंदू. दहा-वीस वर्षं ज्या मेंदूने स ऐकलेला नाही त्याला एकदम स दिला तर तो त्याला आवाज म्हणूनच घेतो, पेपरची सळसळ, नळाचं पाणी, स्वतःच्या चपला, सगळं अंगावर येतं. काही आठवडे जातात, कधी दोन-तीन महिने. हे वडिलांना आधी सांगा, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

सेटिंगबद्दल एकच सांगते. कॉम्प्युटरने ऑडिओग्रामवरून पहिल्यांदा दिलेलं सेटिंग बहुतेक वेळा गरजेपेक्षा कमी असतं, म्हणजे मशीन डिजिटल आणि फायदा अर्धा. कानात मशीनच्या शेजारून एक बारीक मऊ नळी घालून पडद्याजवळ खरा आवाज किती पोचतोय ते मोजता येतं, त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात, दहा-पंधरा मिनिटं लागतात. जिथे जाल तिथे विचारा की हे करता का. मधल्या किमतीचं मशीन आणि हे मोजमाप, हे मी सगळ्यात महागड्या आणि न मोजलेल्या मशीनपेक्षा कधीही वर ठेवीन. ट्रायल घ्या, आणि ट्रायलला ज्यांचं बोलणं त्यांना कळत नाही ती व्यक्ती बरोबर न्या, आई असेल तर आई, नात असेल तर नात.

आणि ड्रॉवरमधलं ते जुनं मशीन पण घेऊन जा. त्यातला सेल आधी काढा, एवढ्या वर्षांत फुगला-गळला असेल. मग त्याचं आवाजाचं छोटं चाक बघा, त्यावर १ ते ४ आकडे असतात. माझ्याकडे असं ड्रॉवरमधलं मशीन आलं की मी पहिलं ते चाक बघते, आणि बहुतेक वेळा ते १ वर असतं. म्हणजे घट्ट साचा कानात आणि आवाज जवळपास बंद. कान उघडायला आणलेलं मशीन, आणि शेवटी माणूस त्याचाच बोळा करून फिरत होता.